गिरणीपुढचं बी लिवायचं का?

(नागसेनवनात झालेल्या कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरातलं भाषण. टेपवरून उतरवून घेतलं आहे. बोलण्याची भाषा फारशी बदललेली नाही.)



पत्रिकेवर माझ्या नावापुढं विषय छापलाय, 'आत्मविश्वास आणि नेतृत्व'. वाचून मला माझीच भीती वाटली. औरंगपुऱ्यात, उस्मानपुऱ्यात क्लासवाल्यांच्या पाट्यांवर हेच लिहिलेलं असतं. टाय लावलेला एक माणूस तुम्हाला सांगतो, ताठ उभे राहा, डोळ्याला डोळा भिडवून बोला, येत नसलं तरी येतंय असं दाखवा, मग हळूहळू येतंच. तीन महिन्यांची फी आधी. मी त्याची टिंगल करायला उभा नाही. तो अर्धं खरं सांगतो. उरलेल्या अर्ध्याला गिऱ्हाईक नाही, म्हणून ते मी फुकट सांगणार आहे.

काल रात्री होस्टेलवर दोघांशी बोललो. एक मुलगी आहे, कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला. रविवारी एका गावात, आपल्या वस्तीत, बायांपुढं ॲट्रॉसिटीच्या कायद्यावर बोलायला तिला सांगितलंय. ती म्हणाली, सर, माझा अजून अभ्यास झाला नाही, परीक्षा झाल्यावर जाते. दुसरा एक पोरगा. या महिन्यात सहा स्टेज मारले त्यानं. जातीअंत, आरक्षण, अर्थसंकल्प, पाणी, सगळ्यावर. मी विचारलं, अर्थसंकल्पावर वाचलंस काय? म्हणाला, सर, मोबाईलवर ऐकलं. दोघंही इथंच बसलेत. नावं घेत नाही. पण मला या दोघांमध्येच बोलायचंय.

आधी पोरीच्या बाजूनं. म्हणजे, तिच्या विरोधात.

ताठ उभं राहणं हा क्लासमधला धडा कुणासाठी असतो? ज्याला बापजाद्यांपासून ताठ उभं राहायची मुभा होती, त्याच्यासाठी तो नुसता व्यायाम आहे. आपल्या आज्याला तो गुन्हा होता. पाटील समोरून आला की बाजूला व्हायचं, मान खाली, पायताण हातात. धोतर कुठपर्यंत नेसायचं, नवं लुगडं कधी नेसायचं, वरातीत पोरानं घोड्यावर बसायचं की नाही, हे गाव ठरवणार. आजही घोड्यावरून वरात नेली म्हणून मारहाण झाल्याची बातमी वाचता की नाही तुम्ही? मग बाबासाहेबांचा सूट आणि टाय ही हौस नव्हती, हे वेगळं सांगायला नको. चौकातला पुतळा बघा, कोट, हातात पुस्तक, बोट वर. आपल्या वस्तीतल्या ज्या बाईला अक्षर वाचता येत नव्हतं तिलाही त्या पुतळ्याचं उभं राहणं वाचता येत होतं.

अमेरिकेत 1978 साली पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञ बायांनी एक निबंध लिहिला. शिकलेल्या, मोठ्या पदावर पोचलेल्या बायांना आतून वाटत राहतं की आपण खोट्या आहोत, चुकून इथं आलोय, आज ना उद्या पकडल्या जाऊ. या भावनेला त्यांनी नाव दिलं. आता ते नाव सगळीकडे चालतं, आपली पोरंही बोलतात. बरोबर आहे त्यांचं. पण 1978 साल आपल्याला दुसऱ्या कारणानं पाठ आहे. त्या वर्षी 27 जुलैला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. घरं जाळली, माणसं मारली. कशासाठी? विद्यापीठाच्या कमानीवर एक नाव नको म्हणून. ज्याच्या पदव्या मोजायला दोन्ही हात लागतात त्या माणसाचं नाव! म्हणजे त्या अमेरिकन बायांना मनातला एक आवाज सांगत होता की तू खोटी आहेस. आपल्याला ते रॉकेलचा डबा घेऊन सांगायला आले. फरक आहे. आपल्या पोरीला इंटरव्ह्यूत आडनाव विचारल्यावर समोरच्याचा सूर बदलतो, तो तिच्या मनाचा खेळ नसतो. नाव लागायला 14 जानेवारी 1994 उजाडला, आणि तोही नामविस्तार.

म्हणून मी म्हणतो, जी व्यवस्था बाबासाहेबांनाच 'लायक' म्हणायला तयार नव्हती, ती तुला लायकीचं सर्टिफिकेट देईल आणि मग तू बोलशील? थांब मग. तुझी नात झाली तरी थांबशील.

आता सन 1919. तारीख 27 जानेवारी. मताधिकार कुणाला द्यायचा हे ठरवायला लॉर्ड साऊथबरोची कमिटी आली होती, तिच्यापुढं मुंबईत बाबासाहेबांनी साक्ष दिली. वय वर्षं 27. त्या दिवशी त्यांच्याकडं काय होतं ते मोजा. कोलंबियाची एम.ए. होती. लंडनचा अभ्यास शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून अर्धा टाकून आले होते. डी.एस्सी. नव्हती, ती 1923 ला मिळाली. बॅरिस्टर नव्हते. सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसर होऊन तीन महिनेही झाले नव्हते. संघटना? नव्हती. बहिष्कृत हितकारिणी सभा 1924 ची. पेपर? 'मूकनायक' निघाला 31 जानेवारी 1920 ला, म्हणजे त्यानंतर एक वर्षानं, आणि त्यावरही संपादक म्हणून नाव पांडुरंग भटकरांचं, कारण हे सरकारी कॉलेजात नोकरीला. कुणी निवडून दिलं नव्हतं. निवडून द्यायला आपल्याला मतच कुठं होतं? तेच तर मागायला गेले होते.

एखादा म्हणाला असता, भीमराव, आधी लंडनचं पुरं करा, बॅरिस्टर व्हा, मग बोला. शहाणा सल्ला वाटतो की नाही? पण 1919 च्या डिसेंबरात कायदा मंजूर झालासुद्धा. 1923 ला डी.एस्सी. घेऊन साहेब परत आले असते तोवर कमिटी घरी गेलेली, कायदा झालेला, अस्पृश्यांचं म्हणणं काय होतं याचा सरकारी कागदांत त्यांच्या बाजूचा पत्ता नाही. पदरात पडलं थोडकंच, सरकारनं नेमलेले प्रतिनिधी, आपण निवडलेले नाहीत. पण म्हणणं नोंदलं गेलं. पुढच्याच वर्षी, मार्च 1920 ला, माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी जाहीर सांगितलं की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला. तेव्हा साहेब 28 वर्षांचे. अजून दाखवायला काही नव्हतं, जे होतं ते पुढं होतं.

पण थांबा, टाळ्या नकोत. हा पोरगा टाळ्या वाजवतोय, ते मला दिसतंय. साऊथबरोपुढं बाबासाहेब बोट वर करून नुसते गरजले नाहीत. लोकसंख्या किती, मतदार किती होतील, जागा किती हव्यात, याचा हिशेब लिहून घेऊन गेले होते. जगातल्या सगळ्या विषयांचे तज्ज्ञ ते त्या दिवशी नव्हते. त्या कागदात जे लिहिलं होतं त्याचे होते. आवाज तेवढ्यापुरता होता आणि तेवढा पक्का होता.

पँथरचं मी तुम्हाला काय सांगू? 1972 ला मुंबईत पँथर निघाली तेव्हा नामदेव ढसाळ 23 वर्षांचा होता, टॅक्सी चालवायचा. त्याच वर्षी 'गोलपिठा' आलं. राजा ढालेनं त्या ऑगस्टात 'साधने'त स्वातंत्र्याच्या पंचविशीवर लेख लिहिला आणि अर्धा महाराष्ट्र अंगावर आला. कुणी विचारलं नव्हतं त्यांना. प्रस्थापितांनी तर नाहीच, आपल्या रिपब्लिकन पुढाऱ्यांनीही नाही. आणि इथं, याच नागसेनवनात, मिलिंदमध्ये शिकवणाऱ्या गंगाधर पानतावणे सरांनी 'अस्मितादर्श' चालवलं. ज्यांना शुद्धलेखन येत नाही असं मराठीच्या मास्तरांनी सांगितलं होतं, त्यांनी तिथं लिहिलं. व्याकरण आधी की लिहिणं आधी, असं विचारत बसले असते तर दलित साहित्य अजून दुसऱ्या यत्तेत असतं.

पण पँथरचं पुढचंही बघा. 1974 ला फूट, 1977 ला ढाले आणि ज. वि. पवारांनी बरखास्तीची घोषणा केली. वाद बुद्ध की मार्क्स हा होता म्हणतात. असेल. मला वाटतं, अजून एक गोष्ट होती. जो आवाज मंत्रालयापुढं लावायचा, तोच आवाज एकमेकांवर लावला. दोघांनाही माघार माहीत नव्हती, कारण माघार न घेण्यावरच दोघं मोठे झाले होते. हे माझं मत. त्या पिढीतले लोक माझ्यावर रागावतील, रागावू देत. माझा स्वतःचा हिशेब सांगितल्यावर त्यांचा राग जरा कमी होईल.

तो आता सांगतो.

1992 साल. मी एलएलबीच्या पहिल्या वर्षाला, वय 22. एका गावातून निरोप आला. आपल्या वस्तीतल्या एका पोरानं मेलेलं जनावर ओढायला नाही म्हटलं. त्याला गिरणीपुढं, दळण घेऊन उभ्या असलेल्या लोकांसमोर, जातीवरून शिव्या दिल्या. पोरगा घरी आला तर तेच लोक तासाभरानं घरात घुसले, पुन्हा शिव्या, त्याला मारलं, आईला ढकललं. दोन दिवस झाले, ठाण्यात फिर्याद घेत नाहीत. 'मिटवून घ्या' चाललंय. संघटनेचे मोठे कार्यकर्ते मुंबईला गेले होते. होस्टेलवर मी होतो. सगळे म्हणाले, तू कायदा शिकतोस, तू जा.

मला कायदा काय येत होता? कॉन्ट्रॅक्टचे तीन धडे. रूममेटचा पांढरा शर्ट घातला, दुसऱ्याची काळी पँट, कमरेला ढिली. सीआरपीसीचं बारकं पुस्तक काखेत. एसटीत बसून दोनच गोष्टी पाठ केल्या. कलम 154, फिर्याद लिहून घेतलीच पाहिजे, प्रत फुकट दिलीच पाहिजे. आणि 154 चं पोटकलम तीन, ठाण्यानं नाही घेतली तर एसपीला पोस्टानं पाठवता येते. खड्ड्यांतून गाडी चाललेली, आणि मी ओठ हलवत पाठ करतोय. बाजूच्या बाईला वाटलं पोरगं पूजापाठ करतंय.

ठाण्यात शिरलो. आतून लटपटत होतो. टेबलावर पुस्तक आपटलं. म्हणालो, 154 खाली फिर्याद घ्या, आत्ता. प्रत द्या, फुकट. नाही घेतलीत तर आजच्या टपालानं रजिस्टर एसपी साहेबांना जाईल, आणि तुमचं नाव त्यात असेल. ठाणे अंमलदारानं वर पाहिलं. कोण तुम्ही? मी म्हणालो, वकील. खोटं. सरळ खोटं.

खुर्ची आली. मित्रांनो, त्या खुर्चीचं मी काय सांगू तुम्हाला! माझ्या बापानं त्या ठाण्यात कधी पाऊल ठेवलं असतं तर जमिनीवर बसवला असता. त्याच्या पोराला खुर्ची, आणि वर चहा. पोराची आई दाराशी उकिडवी बसली होती, ती माझ्याकडे अशी बघत होती की जसा मीच सरकार. इथपर्यंत तो टायवाला बरोबर आहे. इथपर्यंत मला कशाचाही पश्चात्ताप नाही. 'वकील' हा शब्द सोडून. कारण 154 मला येत होतं. पुस्तक उघडायला सांगितलं असतं तर बोट ठेवून दाखवलं असतं.

मग जमादारानं कागद घेतला. विचारलं, घटना कुठं घडली?

इथं मला काही येत नव्हतं. ॲट्रॉसिटीचा कायदा 1989 चा, लागू झाला 30 जानेवारी 1990 ला. त्याचं नाव ऐकलं होतं. वाचला नव्हता. पण खुर्ची अजून माझ्या बुडाखाली गरम होती. मी डोकं चालवलं. गिरणीपुढचे साक्षीदार गावचे, उद्या फुटतील. घरात घडलं त्याचे साक्षीदार घरचे, ते फुटणार नाहीत. मग घरातलंच लिहू. हुशारी! मी त्याच आवाजात सांगितलं, घरात घडलं, असं लिहा. तोच आवाज, बरं का. 154 सांगतानाचा. एका कणाचा फरक नाही. ऐकणाऱ्याला कळणार कसं, की या वाक्याला पुस्तकाचा आधार आहे आणि त्या वाक्याला फक्त खुर्चीचा?

आई दारातून म्हणाली, "लेकरा, गिरणीपुढचं बी लिवायचं का?"

मी तिला म्हणालो, "माय, तुम्ही गप्प बसा. मला कळतो कायदा."

ती गप्प बसली.

कायद्यात कलम 3(1)(एक्स) होतं. जातीवरून अपमान केला तर गुन्हा, पण तो 'लोकांच्या नजरेसमोर' घडलेला पाहिजे. हे शब्द कलमात लिहिलेले होते, छापलेले, कुठल्याही पुस्तकाच्या दुकानात पाच-दहा रुपयांत मिळाले असते. चार भिंतींत, घरच्यांशिवाय कुणी नसताना दिलेल्या शिव्या त्यात बसत नाहीत. पुढं 2020 ला सुप्रीम कोर्टानं उत्तराखंडच्या हितेश वर्माच्या केसमध्ये हेच सांगितलं. गिरणीपुढं दळणाला उभे असलेले लोक, तेच तर 'लोक' होते! जिथं केस उभी राहत होती तेवढीच जागा मी फिर्यादीतून काढून टाकली होती.

खटला चालला. पोरानं पिंजऱ्यात उभं राहून गिरणीपुढचं सगळं सांगितलं. समोरच्या वकिलानं फिर्याद काढली. यात गिरणीचा उल्लेख आहे का? नाही. म्हणजे हे तुम्हाला नंतर सुचलं. कोर्टाच्या भाषेत त्याला त्रुटी म्हणतात. जातीवरून अपमानाचं कलम गेलं. मारहाणीचं राहिलं, आरोपींनी दंड भरला आणि गावात हार घालून मिरवले. ते कुटुंब गाव सोडून इथं आलं. पोरगा वाळूजला कंपनीत लागला, कंत्राटी. शेतीचा एक तुकडा होता, पडीक पडला, पुढं विकला.

मी या गोष्टीत पोलिसांना शिव्या देऊ शकतो, कोर्टाला देऊ शकतो. दिल्याही आहेत, वीस वर्षं स्टेजवरून दिल्या. ही गोष्ट मात्र स्टेजवर मी 'आणि फिर्याद घ्यायला लावली!' इथंच थांबवत होतो. टाळ्या तिथंच पडायच्या. पुढचं आज पहिल्यांदा सांगतोय.

आता या जागेचं नाव काय? नागसेनवन. कॉलेजचं नाव काय? मिलिंद. 1950 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं इथं कॉलेज सुरू केलं. निजामाच्या राज्यात मराठवाड्यातल्या पोराला डिग्री घ्यायची तर हैदराबाद गाठावं लागायचं, तेही उस्मानियात, उर्दूतून. तिथं आपलं पोरगं कशाला पोचतंय? 1 सप्टेंबर 1951 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पायाभरणी केली. ते सगळं तुम्हाला माहीत आहे. पण 'मिलिंदप्रश्न' तुमच्यापैकी किती जणांनी उघडलाय? एक, दोन... बरं. मीही चाळिशीत उघडला. त्यात दोन गोष्टी आहेत, माझ्या भाषेत सांगतो.

पहिली. नागसेन अजून अर्हत झालेला नाही, तरुण भिक्खू आहे, अश्वगुप्त नावाच्या थोर भिक्खूकडे राहतोय. तीस वर्षं अश्वगुप्ताची सेवा केलेली एक म्हातारी उपासिका उपदेश मागते. थोर भिक्खू स्वतः सांगत नाही. नागसेनाला म्हणतो, तू सांग. नागसेन सांगतो, आणि सांगता सांगता त्या बाईला पहिली पायरी गवसते. आणि बसल्या जागी, स्वतःच जे बोलला त्याच्यावर विचार करताना, नागसेनालाही तीच पायरी गवसते. गुरू खूश होतो, एका बाणात दोघं. पण तेवढ्यावर त्याला महास्थविर करून टाकत नाही. पाटलीपुत्राला शिकायला धाडतो. तिथला गुरू धर्मरक्षित त्याला काय सुनावतो? तू लोकांच्या गायी राखणारा गुराखी आहेस, दूध दुसरेच पितात. म्हणजे, पाठ सगळं आहे, तुझं काहीच नाही. सहा स्टेज मारलेल्या पोरा, ऐकतोयस ना?

दुसरी. मिलिंद राजा वादाला बोलावतो तेव्हा नागसेन आधी अट विचारतो. पंडितासारखा वाद करणार की राजासारखा? पंडित हरला तर रागावत नाही, चूक दाखवली तर मान्य करतो. राजाला विरोध केला तर तो शिक्षा करतो. मिलिंद म्हणतो, पंडितासारखा. मगच वाद सुरू होतो.

मी ठाण्यात गेलो तेव्हा समोर राजाच होता. त्याच्यापुढं मान वर, आवाज मोठा, पुस्तक टेबलावर आपटलेलं, हे बरोबर. तिथं 'मला वाटतं', 'बहुधा', 'चुकत असेन तर सांगा' असं बोलायला गेलास की तुला बाहेर काढतात. चूक पुढं झाली. मी खुर्चीवर बसलो, वळलो, आणि त्या आईपुढं मीच राजा झालो. तिनं प्रश्न विचारला, मी शिक्षा दिली. गप्प बस. ती बाई कायदा शिकली नव्हती. पण गिरणीपुढं कोण कोण उभं होतं, कुणाच्या डोक्यावर किती पायली दळण होतं, हे त्या ठाण्यात फक्त तिला माहीत होतं. त्या खोलीत तज्ज्ञ कोण होतं? मी तिच्या बाजूनं आलो होतो आणि तिलाच गप्प केलं.

म्हणून पोरा, तुला मी माईक सोड म्हणत नाही. तुझा आवाज चांगला आहे, आपल्याला तो पाहिजे. सहा विषय सोड, एक धर. अर्थसंकल्प धर. अनुसूचित जातींसाठी ठेवलेला निधी कुठल्या पानावर दिसतो, किती ठेवला, किती खर्च झाला, हे शोध आणि फक्त तेवढ्यावर बोल. कुणी पाण्यावर विचारलं तर त्याच खणखणीत आवाजात सांग, मला माहीत नाही, पुढच्या रविवारी सांगतो. आणि पुढच्या रविवारी जा. न जाता 'सांगतो' म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ झाले. मी वकिली करतो, रोज कोर्टात बघतो, नामांकित वकीलही जजसाहेबांना म्हणतात, तपासून सांगतो, तारीख द्या. कुणी त्यांना कमी समजत नाही. आपल्या पोरालाच वाटतं की 'माहीत नाही' म्हटलं की कोट्यातला ठरेन.

आणि मुली, तू. परीक्षा झाल्यावर नाही. मे महिन्यात तुझी परीक्षा, आणि ठाणं काही मे महिन्याची वाट बघत नाही. सगळा कायदा तुला यायची गरज नाही, मलाही येत नाही. चार गोष्टी पक्क्या कर. 1 जुलै 2024 पासून ते जुनं 154 गेलं, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 173 आलं. फिर्यादीची प्रत फुकट, आणि ठाण्यानं नाकारलं तर एसपी, हे त्यातही आहे. दोन, नियमाप्रमाणे तपास डीवायएसपीच्या खालच्या माणसानं करायचा नाही, हवालदार पंचनाम्याला आला तर विचारायचं, साहेब कुठंयत? तीन, जुनं 3(1)(एक्स) आता 3(1)(आर) आणि (एस) झालंय, पण 'लोकांच्या नजरेसमोर' हे शब्द तिथंच आहेत. कुठं घडलं, कोण उभं होतं, पहिल्याच दिवशी, पहिल्याच कागदावर. चौथी गोष्ट तुझी तू शोध, कलम 15अ वाच, पीडितांचे हक्क त्यात आहेत, 2016 ला आलंय. आज रात्री वाच. अडलं तर मी इथंच आहे, दहापर्यंत.

तिथं बाया प्रश्न विचारतील. कायद्यात न बसणारे विचारतील, लांबण लावतील, सासूचं सांगतील, रेशनचं सांगतील, मध्येच गिरणीचं सांगतील. वही काढ आणि लिहून घे.

ती आई अजून आहे. पंचाहत्तरी उलटली असेल. सहा डिसेंबरला, चौदा एप्रिलला भडकल गेटला भेटते. मला सनद मिळाली 1996 ला, पण ती मला त्याच्या चार वर्षं आधीपासून 'वकीलसाहेब' म्हणते. केसचं काय चुकलं, ते तिला मी दोन वर्षांपूर्वी घरी जाऊन सांगितलं. तिनं चहा ठेवला. म्हणाली, मला तवाच वाटलं हुतं, पर तुमी शिकलेले. मग बराच वेळ कुणीच काही बोललं नाही, चहा उतू गेला.

रविवारी सकाळी सातची एसटी आहे, मध्यवर्ती बसस्थानकावरून. पोरगी येतेय, आत्ताच तिनं मान हलवली, मी पाहिलं. मीही येणार आहे. बोलणार नाही, बायांच्या मागं सतरंजीवर बसणार आहे. पोरा, तूही चल, माईक नाहीये तिथं.

जय भीम.